रमाबाई आणि 'चार लोक'

संपादक मंडळाचा निरोप असा होता : "तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तेव्हा इतिहासावर काहीतरी दे. फक्त शाळेचा इतिहास नको, तो तिघांनी आधीच पाठवलाय." विषय मला शोधावा लागला नाही. आपल्या वेळी 'रिकाम्या जागा भरा'मध्ये एक प्रश्न हमखास असायचा, शारदा सदनची स्थापना कोणी केली हा. आपण 'पंडिता रमाबाई' असे लिहून एक गुण पदरात पाडून घ्यायचो आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे वळायचो. रमाबाई ख्रिस्ती होत्या, हे वर्गात कधी निघाल्याचे मला आठवत नाही. रविवारी चर्चमध्ये मात्र त्या 'आपल्या रमाबाई' असत. तिथे त्यांच्या संस्कृतच्या विद्वत्तेचा उल्लेख व्हायचा तो बाप्तिस्म्याआधी उतरवून ठेवलेले ओझे असावे अशा सुरात. म्हणजे शाळेत मला अर्ध्या रमाबाई मिळाल्या आणि चर्चमध्ये उरलेल्या अर्ध्या.

पुढे नोकरीत असताना त्यांचा पत्रव्यवहार आणि १९०७ साली त्यांनी स्वतःच्या श्रद्धेविषयी लिहिलेली साक्ष वाचली. दोन्ही अर्धे जोडल्यावर जी बाई उभी राहिली ती कुणालाच पुरती पसंत नव्हती. पुण्याला नव्हती, इंग्लंडमधल्या सिस्टरांना नव्हती, मिशनऱ्यांना नव्हती आणि एका प्रसंगी सरकारलाही नव्हती. वर्गात सांगायची राहून गेलेली ती गोष्ट इथे लिहिते.

'चार लोक काय म्हणतील' हे वाक्य ज्या घरात बोलले जात नाही असे मराठी घर मी पाहिलेले नाही. आम्हा ख्रिस्ती घरांत तर हे चार लोक आठ होतात, चार गल्लीतले आणि चार मंडळीतले. कुंकू का नाही म्हणून एक बाजू विचारते, दिवाळीचा फराळ का घेतला म्हणून दुसरी. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हा प्रश्न सरळ उभा केला आहे. मी माणसांची मर्जी राखायला धडपडतो आहे की देवाची, असे तो स्वतःला विचारतो आणि माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास झालोच नसतो, असे उत्तर देतो. या वचनावर मी भरपूर प्रवचने ऐकली आहेत. खरे सांगायचे तर भांडणातही ते फार वेळा ऐकले आहे. ज्याला कुणाचेच ऐकायचे नसते त्याला हे वचन चटकन आठवते. म्हणूनच ते पाठ असणाऱ्यांपेक्षा ते ज्यांना महागात पडले त्यांची चरित्रे मला वाचावीशी वाटतात.

रमाबाईंच्या घरात हा प्रश्न त्यांच्या जन्माआधीच आलेला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले, म्हणून त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधाराने जाब दिला आणि बायकोला शिकवणे चालूच ठेवले. लोकांपासून लांब, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम बांधला आणि तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे घर मोडले आणि सारे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरू लागले. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले.

वाहवा म्हणजे काय हे रमाबाईंना आपल्यापैकी कुणाहीपेक्षा चांगले माहीत होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोकांच्या पसंतीची किंमत नाही असे म्हणणे, ती कधी मिळालीच नाही अशा माणसाला सोपे असते. रमाबाईंना ती विशीत मिळाली, भर सभांमधून मिळाली. ती त्यांनी स्वतःच एकेका निर्णयाने खर्च केली.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२मध्ये, तेही पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. आसामात सिलचरला असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले होते, बंगालीतले. त्याविषयीची ओढ त्यांनी नवऱ्याला बोलून दाखवली तेव्हा ते त्याला मुळीच आवडले नव्हते.

मग पुणे. रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी त्यांना हातावर झेलले. १८८२ साली आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आले, हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. हे सगळे एका वर्षात. पुण्यात राहिल्या असत्या तर सुधारकांच्या गळ्यातला ताईत झाल्या असत्या.

१८८३ साली त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज या गावी सिस्टरांच्या मठात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. या प्रसंगाने रमाबाई किती हादरल्या असतील, याची कल्पनाच करावी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मूळचे चित्पावन आणि स्वतः शास्त्री असलेले फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. इकडे पुण्यात गहजब झाला. बहुतेकांना हा विश्वासघात वाटला. उघडपणे त्यांची बाजू घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ सालच्या 'सत्सार'मध्ये त्यांनी ती घेतली.

गोष्ट इथे थांबवली तर ती चर्चमधली गोष्ट होते : बाईंनी समाजाची पर्वा केली नाही, देवाचे ऐकले, टाळ्या. पण खरी परीक्षा त्यानंतर लागली. जे नवे 'आपले' झाले होते त्यांनीही मर्जी राखून घ्यायला सुरुवात केली. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात मिळतो. मिळाला तर वाचाच. माया दोन्ही बाजूंना आहे, आणि भांडणही तेवढेच कडक आहे. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, ती भाषा मलाही येत नाही आणि माझ्या देशातल्या बायांनाही येत नाही, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि ज्यात अंडे पडले आहे ते खायला तयार नव्हत्या. सिस्टरांना हा जुन्या जातीचा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विषय निघाला तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली : हिंदुस्थानात हे कळले तर बाईंची पत जाईल. लहानपणापासून पुरुषांच्या सभांत पुराणे सांगत आलेल्या बाईंना याचे नवल आणि संताप दोन्ही वाटले. 'चार लोक काय म्हणतील' हा मंत्र बिशपांच्या तोंडीही असतो, हे त्यांना तिथे कळले.

सगळ्यात मोठा तंटा श्रद्धेचाच होता. त्रैक्याविषयी त्यांना शंका होत्या आणि त्या लपवायची त्यांची तयारी नव्हती. चर्च म्हणते म्हणून माना, हे त्यांना पटेना. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने मान काढली आहे, ती दुसऱ्या तशाच जुवाखाली मी देणार नाही, आणि जे देवाची आज्ञा म्हणून मला उमगेल ते मी करीन. सिस्टरांनी याला गर्व म्हटले. आमच्याकडच्या काही प्रवचनकारांनीही म्हटले असते.

गर्व होता का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. देवाची पसंती कुणाला छापील प्रगतिपुस्तकात मिळत नाही. त्यामुळे 'मी देवाचे ऐकतो' आणि 'मी माझेच खरे करतो' या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी, मला माणसाचे मन दिसत नाही, कागद दिसतात. त्या कागदांवर मला इतके दिसते की, रमाबाई ज्यांच्या ऋणात होत्या त्यांच्याशीच भांडल्या, गप्प राहून सोय झाली असती अशाच वेळी भांडल्या, आणि भांडताना त्यांनी उपकार नाकारले नाहीत. हट्टी माणूस सहसा आधी उपकार विसरतो.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिकडे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. त्याच वर्षाअखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले. अट एक होती : विधवांच्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. रमाबाईंना ती मान्य होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिने पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले. आपण ज्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो त्या या. मुलींना आपापले सोवळेओवळे, उपासतापास पाळायला मोकळीक होती. मिशनऱ्यांना ही गोष्ट झोंबली. ख्रिस्ती बाई शाळा काढते, तिला ख्रिस्ती देशातून पैसा येतो आणि शाळेत बायबल शिकवत नाही, हे कसले ख्रिस्तीपण? दुसरीकडे 'केसरी'ला संशय होता की हे सगळे धर्मांतराचे जाळे आहे. एकाच शाळेवर एकाच वेळी 'पुरेशी ख्रिस्ती नाही' आणि 'फार ख्रिस्ती आहे' असे दोन आरोप होत होते.

ठिणगी पडली ती एका दारावरून. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांनी बोलावले नाही, पण आलेल्यांना हाकललेही नाही. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकर होते. त्यांचे म्हणणे असे की, विधवा मुलींचे पालक आमच्या शब्दावर मुली पाठवतात, बाईंचा प्रभाव एवढा की उघडे दार हेच आमंत्रण ठरते. ऑगस्ट १८९३मध्ये त्यांनी जाहीरपणे अंग काढून घेतले. वीसहून अधिक मुली घरी नेल्या गेल्या.

इथे माझ्या ख्रिस्ती वाचकांना दोन शब्द सांगायला हवेत. रानडे-भांडारकरांना खलनायक करू नका. तेराचौदा वर्षांची मुलगी, तिच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेली जागा, आणि तिला माया लावणारी एकच बाई, अशा ठिकाणी 'मी फक्त दार उघडे ठेवले' हे उत्तर पुरे पडत नाही, असे कुणाला वाटले तर त्यात तथ्य आहे. मी स्वतः अशा वयाच्या मुलींना तीस वर्षे शिकवले आहे. शिक्षिकेच्या कपाळावरची आठीसुद्धा त्यांना आज्ञा वाटते.

आणि तरीही, दार लावून घेणे बाईंना का जमले नाही, हेही मला समजते. १८९१च्या सुमारास त्यांच्या मनात मोठी उलथापालथ झाली होती. साक्षीत त्या सांगतात त्याचा आशय असा : ख्रिस्ती धर्म मला आठ वर्षांपूर्वी मिळाला होता, ख्रिस्त आत्ता मिळाला. ज्या बाईने बिशपांपुढे आपल्या शंका लपवल्या नाहीत, तिने पुण्यातल्या सभ्य लोकांसाठी आपली प्रार्थना लपवावी, ही अपेक्षा जरा अजबच होती. मुलींच्या खोल्यांत त्यांना त्यांची पूजा करू देते, मग माझ्या खोलीत मी का चोरून वागावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दार लावले असते तर रानडे राहिले असते, मुली राहिल्या असत्या, आणि आज पुण्यात त्यांच्या नावाचा एखादा मोठा चौक असता.

त्या मुली गेल्या त्याचे काय झाले, हा प्रश्न मला कायम टोचतो. देवाची मर्जी राखण्याची किंमत राखणाऱ्यानेच मोजली तर ठीक. इथे ती कदाचित एखाद्या बारा वर्षांच्या मुलीने शाळा सुटून मोजली असेल. याचे उत्तर इतिहासात मिळत नाही. एवढे मात्र खरे की, १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी जी संस्था काढली आणि जी पुढे हिंगण्याला गेली, तिला वाट मिळाली ती शारदा सदनावरचा लोकांचा विश्वास उडाल्यामुळेच, आणि त्या संस्थेच्या घरात सदनातच शिकलेली गोदूबाई होती.

केडगाव तुम्हाला माहीत आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना लागते. तिथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबाया घेऊन परतल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर तो आकडा दोन हजारांच्या घरात गेला. स्वतः दुष्काळात आईला डोळ्यांदेखत मरताना पाहिलेल्या बाईला कुणी 'जाऊ नका' म्हटले असेल तर ते वाया गेले. बॉस्टनचा दहा वर्षांचा करार संपल्यावर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. खासगीत विचाराल तर मला शारदा सदनाच्या त्या चार वर्षांतल्या रमाबाई अधिक जवळच्या वाटतात, पण मुक्तीचे काम पाहून आल्यावर हे म्हणताना जीभ जरा अडखळते.

१८९७चा एक प्रसंग मी वर्गात नेहमी सांगायची. पुण्यात प्लेग आला, सरकारने घरे धुंडाळून माणसे प्लेगच्या इस्पितळात न्यायला सुरुवात केली. रमाबाईंकडची एक मुलगी अशीच नेली गेली. तिथल्या व्यवस्थेची लक्तरे काढणारे पत्र बाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी ख्रिस्ती पत्रात छापले. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले आणि सरकारने सगळे नाकारले. 'केसरी'ही त्या वेळी प्लेगच्या बंदोबस्तावर तुटून पडला होता. चार वर्षांपूर्वी ज्यांच्यावर त्याने शाई ओतली त्या बाई आता त्याच बाजूला उभ्या होत्या. ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणे, हा समज तेव्हाही होता आणि आपल्या वर्गातल्या एकाने मला मधल्या सुट्टीत ऐकवलाही होता. (तो आता माझा चांगला मित्र आहे आणि हे वाचून फोन करील.)

अशीच वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटी धरली. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. मिशनला ते रुचणे शक्य नव्हते. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी वाचली आहेत, त्यामुळे असल्या माणसाबरोबर संसार करणे काय असते ते मी वेगळे सांगत नाही.

रमाबाईंनी शेवटची बरीच वर्षे एका कामात घातली, आणि ते त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण त्यातली मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी ती जड झाली आहे, असे त्यांचे मत पडले. संस्कृत पंडितेचे हे मत! मग त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतल्या बायकाच करत. त्यांतल्या कितीजणी दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या होत्या. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर संस्था सोपवायची तीच गेली. म्हातारी आई पुन्हा मुद्रिते तपासायला बसली.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. शेवटचे मुद्रित त्यांनी जाण्याआधी तपासून संपवले होते, असे केडगावला सांगतात. पूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. मंडळ्यांनी ते फारसे उचलले नाही, चर्चमधून बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. पंडितांना त्यातली मराठी बाळबोध वाटली. ती केली होती ज्यांच्यासाठी, त्या बाया छापखान्यात खिळे जुळवता जुळवताच ते वाचायला शिकल्या होत्या.